ड्राइव्हवर जातं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही

‘आमचा बॅकअप रोज रात्री गुगल ड्राइव्हवर जातो’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, की मी एकच विचारतो: मागच्या महिन्यात डिलीट केलेली एखादी फाइल आत्ता काढून दाखवता का? बहुतेकदा समोर शांतता पसरते. रोज जातं ते सिंक असतं. त्याला बॅकअप म्हणायची आपल्याला खोड लागली आहे.

सिंक काय ते तुम्ही जाणता. जुन्या फोनमधले नंबर नव्यात आपोआप येतात, तेच. बॅकअपसाठी जागा कुठली निवडावी यावरही लोक उगाच तासन्‌तास वाद घालतात. बाहेरची डिस्क, घरातला नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), दुसऱ्या ऑफिसातला सर्व्हर, बॅकब्लेझ या क्लाउड सेवेवरचं बकेट, म्हणजे भाड्याची जागा... बॅकअपच्या टूलला हे निव्वळ पत्ते. रेस्टिक या बॅकअपच्या टूलला यातला कुठलाही चालतो. वेग आणि पैसे बघा, एक ठरवा, पुढे चला. फक्त ती एकुलती एक डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका.

घोळ होतो तो त्या पत्त्यावर गेल्यानंतर काय घडतं यात. आरक्लोन हे फाइली क्लाउडवर पाठवायचं टूल; त्याच्या ‘सिंक’चं काम दुसरी जागा पहिलीसारखी करायची. पहिलीकडे जे नाही ते दुसरीकडून काढून टाकणं हे त्याचं कामच आहे, बिघाड नव्हे. त्या जागेला फक्त ‘आज’ कळतो. रेस्टिक मात्र दर वेळी स्नॅपशॉट घेतं: त्या घटकेला फोल्डर जसं होतं तसं. न बदललेला डेटा पुन्हा लिहिला जात नाही, म्हणून चाळीस स्नॅपशॉटना चाळीसपट जागा लागत नाही. आज काही उडवलंत तर ते आजच्या स्नॅपशॉटमध्ये नसेल, कालच्यात असेलच. जुने स्नॅपशॉट कधी टाकायचे हे तुम्ही सांगायचं. मी रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेवतो.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका हिशेबनिसांच्या ऑफिसात टॅलीचा डेटा रात्री एक वाजता क्लाउडवर जायचा. स्क्रिप्ट माझीच. टॅलीत प्रत्येक कंपनीचं फोल्डर नुसत्या आकड्यांच्या नावाचं असतं; जूनमध्ये कोणीतरी ‘जुनं दिसतंय’ म्हणून त्यातलं एक उडवलं. रात्री सिंकने इमानेइतबारे क्लाउडवरचंही उडवलं. कळलं सप्टेंबरात, ऑडिटच्या तोंडावर. क्लाउडच्या कचरापेटीची मुदत ३० दिवसांची, ती केव्हाच उलटलेली. लॉगमध्ये रोज ‘यशस्वी’. वर्षभराच्या एंट्र्या बिलं समोर घेऊन पुन्हा कराव्या लागल्या.

याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ डिस्कच माउंट न होणं, म्हणजे सिस्टीमला न जोडली जाणं. लिनक्सवर मग ते फोल्डर रिकामं दिसतं. सिंकच्या लेखी तुम्ही सगळं डिलीट केलंय, तर तेही करतं. रेस्टिक अशा वेळी फार तर एक रिकामा स्नॅपशॉट घेईल. कालचा जागच्या जागी.

‘मग मी सिंकऐवजी कॉपी वापरतो’ हे उत्तर मला हटकून मिळतं. आरक्लोनची कॉपी डिलीट करत नाही, खरं. पण बदललेली फाइल जुनीवर लिहिते. लाइट गेल्यामुळे खराब झालेली फाइल रात्री चांगल्या फाइलच्या उरावर जाऊन बसते. सिंकच चालवायचं असेल तर आधी ‘ड्राय-रन’ (काहीही न बदलता नुसती चाचणी) करून बघा, ‘मॅक्स-डिलीट’ने किती फाइली उडू शकतात याला मर्यादा घाला आणि ‘बॅकअप-डिर’ देऊन उडालेल्या व बदललेल्या फाइली वेगळ्या जागी ठेवा. पण हे सिंकला ठिगळं लावणं झालं. ठिगळंच लावायची तर सरळ रेस्टिक वापरा.

दोन गोष्टींवर माझी चिडचिड होते. एक, रेस्टिकची रिपॉझिटरी, म्हणजे सगळे स्नॅपशॉट असतात ती जागा, ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवणं. रिपॉझिटरीच उडाली की स्नॅपशॉट कुठले? दुसरी, रेस्टिकचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये लिहून ठेवणं. लॅपटॉप गेला की पासवर्ड गेला, आणि त्याशिवाय तो डेटा कोणालाही उघडता येत नाही. कागदावर लिहा, कपाटात ठेवा.

त्या ऑफिसात आता रेस्टिक चालतं, आणि दर महिन्याला एक कंपनी वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करून टॅलीत उघडून बघतो. सिंकही चालू आहे, घरून फाइली बघायला बरं पडतं. त्या स्क्रिप्टचं नाव तेवढं मी बदललं. आधी ते ‘बॅकअप’ होतं.