तापतं काय, चिप की खोली? गेमिंग प्रोसेसरचे अंश आणि वॉट

फोडणीच्या पळीतलं तेल १८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, तरी ती पळी बादलीभर पाण्यात बुडवली तर पाणी धड कोमटही होत नाही. निपाणी-संकेश्वर भागातल्या गुऱ्हाळात काहिलीतला रस गूळ होईपर्यंत १००-१२० अंशांच्या पुढे फारसा जात नाही, पण त्याच्या धगीपाशी उभं राहवत नाही. पळीत तापमान जास्त, काहिलीत उष्णता जास्त. नवा गेमिंग प्रोसेसर जाहीर झाला की याच दोन गोष्टींची गल्लत होते. कुणी म्हणतं, "८५ अंश दाखवतोय, ३६० मिमीचा लिक्विड कूलर पाहिजेच." दुसरा म्हणतो, "१२० वॉटचा तर आहे, गार राहील." दोघेही चुकीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढतात.

उष्णता वॉटमध्ये मोजतात. चिप जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. कूलर किती मोठा घ्यायचा हे वॉट ठरवतात, मात्र खोक्यावरचे वॉट, म्हणजे टीडीपी, नव्हेत. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची चिपची बैठक) चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, म्हणजे पीपीटी, सहसा टीडीपीच्या १.३५ पट असते: ६५ चे ८८, १२० चे १६२, १७० चे २३०. इंटेल दोन आकडे छापते, मूळ आणि कमाल. कोअर आय९-१४९००के चे १२५ आणि २५३, कोअर अल्ट्रा ९ २८५के चे १२५ आणि २५०. कूलर घेताना दुसरा, मोठा आकडा बघायचा. त्यातही काही मदरबोर्ड बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ही मर्यादा सरळ ४०९६ वॉटवर ठेवतात, म्हणजे मर्यादा नाहीच. इंटेलचा नवा संच जोडल्यावर पीएल१ (सततची मर्यादा) आणि पीएल२ (कमाल मर्यादा) हे दोन आकडे आधी तपासा. फक्त गेम खेळणाऱ्याला मात्र पूर्ण मर्यादा क्वचितच लागते. एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी ची मर्यादा १६२ वॉट असली तरी बहुतेक गेममध्ये तो १०० च्या आतच असतो.

मग एवढ्या कमी वॉटमध्ये तापमान चढतं कशाला? याचं कारण क्षेत्रफळात आहे. रायझनचे आठ कोअर (हिशेब करणारे भाग) ज्या तुकड्यावर असतात तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. १४९००के ची अखंड चिप सुमारे २५७ चौरस मिलिमीटरची. तेवढेच वॉट लहान जागेतून बाहेर काढायचे तर तिथलं तापमान चढणारच, वर कितीही मोठा रेडिएटर बसवा. एक्स३डी म्हणजे जादा कॅश, चिपवरचीच जलद मेमरी, असलेली चिप. २०२३ च्या ७८००एक्स३डी मध्ये ही कॅश कोअरच्या डोक्यावर होती, त्यामुळे उष्णतेला तिच्यातून वाट काढावी लागे आणि कमाल तापमान ८९ अंशांवर बांधलेलं होतं. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये कॅश खाली गेली, कोअर वर आले, कमाल ९५ अंश झालं आणि ओव्हरक्लॉकिंगही (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) खुलं झालं. टीडीपी दोन्हींचा १२० वॉटच. बदलली ती उष्णतेची वाट. म्हणून पुढची एक्स३डी चिप येईल तेव्हा वॉटच्या आधी "कॅश वर की खाली" हे विचारा.

कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त दोघांतला फरक राखतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, म्हणून गार. जुलैत टिळकवाडीच्या खोलीत २४ अंश असताना चिप ८२ दाखवत असेल तर फरक ५८ चा. तोच संच एप्रिलमध्ये अथणीला, ४० अंशांच्या खोलीत, तेवढ्याच कामाला लावला की हिशेब ९८ वर जातो. चिप ९५ च्या पुढे जाणार नाही, ती क्लॉक, म्हणजे आपला वेग, उतरवेल. त्यामुळे कुणीही तापमान सांगितलं की आधी खोलीचं विचारायचं. पावसाळ्यात केलेल्या चाचणीवर उन्हाळ्याचा कूलर ठरवणं म्हणजे आषाढात छत्री न घेता खानापूरला निघणं.

ओव्हरक्लॉकमध्ये वेग आणि उष्णता सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ५.२ वरून ५.४ गिगाहर्ट्झसाठी व्होल्टेज १.२० वरून १.२८ करावं लागलं, तर वेग ४ टक्के वाढतो आणि उष्णता १८ टक्के. मोठी कॅश असलेल्या चिपवर गेममध्ये त्या ४ टक्क्यांतलंही थोडंच हाती लागतं. उलटा रस्ता जास्त फायद्याचा: रायझनच्या बायोसमध्ये पीबीओ (वेग आपोआप वाढवायची सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे १५ वर ठेवा, टिकलं तर उणे २०. व्होल्टेज उतरतं, क्लॉक बहुधा थोडं चढतं. यात फसगत होते ती अशी की जड चाचणी तासभर चालते आणि संच नुसता डेस्कटॉपवर असताना रीस्टार्ट होतो. हलक्या कामात एकच कोअर सर्वांत उंच क्लॉकवर जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलर या प्रोग्रामने एकेक कोअर वेगळा तपासा. जो पडेल त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा.

बिघाड कुठे आहे हे तापमान किती चढलं यापेक्षा ते कसं चढलं यावरून कळतं. एचडब्ल्यूइन्फो (चिपचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडून सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची जड चाचणी लावा आणि तापमान, पॅकेज पॉवर (चिपचे एकूण वॉट), क्लॉक तिन्ही बघा. पहिल्या दोन सेकंदांतच ४५ वरून ९५ वर उडी आणि वॉट मर्यादेच्या खूप खाली, म्हणजे दोष चिप आणि कूलरच्या मधे: कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलं, मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट अपुरी, किंवा एकाच बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला. पेस्ट पुसून नवी लावा, स्क्रू समोरासमोर आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. रायझनचे कोअर झाकणाच्या मधोमध नसून कडेला आहेत, त्यामुळे कूलरसोबत सरकवून बसवायची पट्टी आली असेल तर ती वापरा, एक-दोन अंश फुकट मिळतात. तापमान हळूहळू, सात-आठ मिनिटं चढत राहिलं तर मात्र उष्णता साठते आहे: केसमधली हवा कोंडली, जाळी धुळीने बुजली (निपाणीत तंबाखूची बारीक धूळ असेल तर महिन्याला बघावं), किंवा कूलर वॉटला अपुरा. पेस्ट बदलून इथे काही होणार नाही.

आणि खोली? तिला अंशांशी देणंघेणं नाही. १५० वॉटची चिप महागड्या कूलरने ६५ वर ठेवा किंवा साध्याने ९० वर, खोलीत १५० वॉटच येतात. त्यात ग्राफिक्स कार्डाचे ३०० मिळवले तर बंद खोलीत लहानसा हीटरच चालू. खोलीची धग कमी करायची तर बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड लावा. मर्यादा ८८ वर येते, गेममध्ये फरक जाणवतो न जाणवतो, आणि मध्यम आकाराचा एअर कूलर अथणीच्या एप्रिललाही पुरतो.