गरीब बॅटमॅन इकडचा, संसारी स्पायडरमॅन तिकडचा

‘तो गरीब बॅटमॅन अल्टिमेटमधलाच ना?’ हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आलाय की एकदा नीट लिहून टाकलेलं बरं. तर, नाही. गरीब बॅटमॅन डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ॲब्सोल्यूट मालिकांमधला. दाढी वाढवलेला, दोन पोरांचा बाप असलेला स्पायडरमॅन तिच्या प्रतिस्पर्धी मार्वेलच्या अल्टिमेट मालिकांमधला. घोळ होणं साहजिकच आहे म्हणा. दोन्हींच्या मालिका २०२४ मध्येच सुरू झाल्या, दोन्हींत ओळखीच्या हिरोंची गोष्ट पहिल्या अंकापासून नव्याने मांडलीय, आणि दोन्ही वाचायला आधीच्या साठ-ऐंशी वर्षांची पोथी पाठ असावी लागत नाही. त्यात डेनिझ कॅम्प हा एकच लेखक इकडे ‘ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ लिहितो आणि तिकडे त्याने ‘द अल्टिमेट्स’ लिहिलेलं.

अल्टिमेटची मेख २०२३ च्या ‘अल्टिमेट इन्व्हेजन’मध्ये आहे. जोनाथन हिकमनने लिहिलेल्या आणि ब्रायन हिचने रेखाटलेल्या या चार अंकांत मेकर नावाचा इसम, म्हणजे ‘फँटॅस्टिक फोर’मधल्या शास्त्रज्ञाचा, रीड रिचर्ड्सचा, दुसऱ्या विश्वातला डोकं फिरलेला अवतार, एका नव्या जगात शिरतो आणि तिथले हिरो तयार होण्याआधीच त्यांची वाट अडवून ठेवतो. पीटर पार्करला जो कोळी चावायचा तो चावतच नाही. मेकर आणि त्याचे साथीदार जग आपसांत वाटून घेतात. शेवटी मेकर स्वतःच्याच शहरात कोंडला जातो, पण दोन वर्षांनी तो बाहेर येणार हे ठरलेलं. ही दोन वर्षं वाचकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही सरकत राहतात. अंक महिन्याला एक, आणि आतली गोष्टही साधारण महिन्यानेच पुढे.

या घड्याळामुळे अल्टिमेटला शेवट आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून दिसतो. एका पुस्तकात घडलेलं दुसऱ्यात उमटतं. तरुण टोनी स्टार्क तो हुकलेला कोळी पीटरला पाठवतो तेव्हा पीटर तिशी ओलांडलेला, मेरी जेनशी लग्न झालेला, नोकरी करणारा माणूस आहे. बेनकाका जिवंत आहेत, मेकाकू नाही. या उलटापालटीतून हिकमनने जे काढलंय त्याचा उत्तम नमुना म्हणजे ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चा चौथा अंक. पीटर-मेरी जेन आणि हॅरी-ग्वेन ही दोन जोडपी हॉटेलात जेवायला बसतात, आणि अंकभर जवळजवळ एवढंच. मारामारी बघायला आलेले वैतागले. मला मात्र वाटतं, या मालिकेतला सगळ्यात ताणलेला अंक तोच. टेबलावर कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवतंय, हे संवादापेक्षा चेहऱ्यांवर जास्त दिसतं.

पण तेच घड्याळ पुढे पायात येतं. दुसऱ्या वर्षात एखादा अंक ऐन मोक्याच्या ठिकाणी संपतो आणि पुढचा उघडावा तर मधे महिना उलटलेला, भानगड निस्तरलेली, आपल्याला फक्त उल्लेख ऐकायला मिळतो. पैसे मोजून वाचणाऱ्याला हे खटकणारच. ‘द अल्टिमेट्स’ने हा प्रश्न जास्त हुशारीने हाताळला. त्याच्याही चौथ्या अंकात कॅम्प आणि हुआन फ्रिगेरी यांनी पानाचे आडवे चार पट्टे केलेत, प्रत्येक पट्ट्यात वेगळा काळ. नेहमीसारखं वरून खाली वाचा, किंवा एकच पट्टा धरून अंक संपेपर्यंत आडवं जा. या जगातला भला रीड रिचर्ड्स डूम (हे एरवी त्याच्या कट्टर शत्रूचं नाव) कसा झाला, ते दोन्ही वाटांनी कळतं, फक्त दुखतं वेगवेगळ्या जागी.

ॲब्सोल्यूटचा डाव अगदी निराळा. तिथे घड्याळ नाही. ऑक्टोबर २०२४ मधल्या ‘डीसी ऑल इन स्पेशल’मध्ये सांगितलंय की हे जग डार्कसाइड या डीसीच्या महाखलनायकाच्या शक्तीवर उभं राहिलंय. म्हणून इथे हिरोंना कोणी अडवलेलं नाही. ते हिरो होतातच, फक्त त्यांच्या हाताशी नेहमीचं काही नाही. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा यांच्या ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, वाडा नाही, बटलर नाही. बाप शाळामास्तर होता, प्राणिसंग्रहालयात गोळीबारात गेला. आई हयात आहे आणि शहराच्या राजकारणात आहे. अल्फ्रेड येतो तो ब्रिटिश गुप्तहेर म्हणून, आणि ब्रूसवर पाळत ठेवायला. पेंग्विन, रिडलर, टू-फेस या शत्रूंच्या नावांनी आपण ज्यांना ओळखतो ते ब्रूसचे लहानपणापासूनचे जिवलग. आणि जोकर? बक्कळ पैसा त्याच्याकडे.

ड्रगोटाने हा बॅटमॅन एवढा आडवातिडवा काढलाय की चौकटीत मावता मावत नाही. छातीवरची वटवाघळाची खूण उपटली की तिची कुऱ्हाड होते. पहिल्या अंकात ती चालते तेव्हा ‘हे जरा अतीच झालं’ असं मनात येतं खरं, पण पान उलटायचं थांबत नाही. ब्रूस महापालिकेचा इंजिनियर असल्याने शहर कुठून पोकळ आहे हे त्याला ठाऊक, आणि मारामाऱ्या त्या माहितीवर बेतलेल्या. प्रत्येक अंकात किमान एक तरी प्रसंग असा असतो की त्या महिन्याचे पैसे वसूल. बेन (Bane) या खलनायकाचं प्रकरण तेवढं लांबलं. दोन अंक कमी चालले असते.

केली थॉम्प्सन आणि हेडन शर्मन यांच्या ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ला २०२५ मध्ये उत्तम नव्या मालिकेचा आयझनर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. ही डायना, म्हणजे वंडर वुमन, बेटावर नाही, नरकात वाढलेली. सांभाळ केला सर्सी चेटकिणीने. तरी पोरगी स्वभावाने मायाळूच निघते, आणि मालिकेची ताकद तिथेच आहे. ॲब्सोल्यूटच्या पुस्तकांचं एकमेकांत फारसं गुंतलेलं नाही. फक्त डायना वाचा, बाकीच्यांना हातही लावू नका, काही बिघडत नाही. अल्टिमेटमध्ये तशी सोय नाही. मेकरची गोष्ट सोडून नुसता स्पायडरमॅन वाचला तर शेवटी हातात अर्धंच काहीतरी उरतं.

म्हणून माझं मत असं: ॲब्सोल्यूट महिन्याच्या महिन्याला वाचावं, अल्टिमेट सलग बसून. मार्वेलने ‘अल्टिमेट एंडगेम’ या पाच अंकांत त्या जगाचा निकाल लावायचं ठरवलं आणि मुख्य मालिका चोवीस अंकांच्या आसपास आटोपत्या घेतल्या, त्यामुळे ते सोपंही आहे. सलग वाचताना ते मधले गायब महिने एवढे टोचत नाहीत.

विकत घेताना मात्र नाव बघून भुलू नका. ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ याच नावाची ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली यांची मालिका २००० साली सुरू झाली होती. तिच्यातला पीटर शाळकरी आहे, आणि तिचं विश्व २०१५ मध्ये संपलं. पुस्तक छान आहे, पण तुम्हाला हवं ते नव्हे. मुखपृष्ठावर हिकमन आणि मार्को केकेट्टो ही नावं शोधा, पहिल्या खंडाचं उपशीर्षक ‘मॅरीड विथ चिल्ड्रेन’. तिकडे डीसी जुन्या गाजलेल्या कथांच्या मोठ्या आकाराच्या, खोक्यातल्या महागड्या आवृत्त्यांनाही ॲब्सोल्यूटच म्हणतं. त्यांचा या मालिकांशी काडीचा संबंध नाही. तुम्हाला हवा असलेला बॅटमॅनचा खंड ‘द झू’, आणि किमतीचा आकडा पाहिला तरी फरक कळतो.

एकच काहीतरी उचलायचं असेल तर मी बॅटमॅन सोडून ‘मार्शियन मॅनहंटर’ उचलेन. बॉम्बस्फोटातून वाचलेला एफबीआयचा माणूस, त्याच्या डोक्यात शिरलेला मंगळवासी, आणि माणसांचे विचार रंगीत धुरासारखे दाखवणारा हावियर रोद्रिगेझ. सहा अंकांत संपणार होतं, बारांवर नेलं. ‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’ मात्र सवडीने वाचलं तरी चालेल.