जुन्या अमेरिकी मोटारींचा घरगुती जीर्णोद्धार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार झालेली व नित्य वापरातून बाद झालेली मोटारगाडी मालकाने स्वतःच्या घरच्या गॅरेजात खोलणे, तिचे झिजलेले भाग दुरुस्त करणे किंवा नव्याने घडविणे आणि ती मूळ अवस्थेला, निदान तिच्या जवळपास, आणणे. केवळ गाडी चालती करणे म्हणजे दुरुस्ती. आहे ते आहे तसे टिकवणे म्हणजे जतन. हरवलेले व नष्ट झालेले पुन्हा उभे करणे म्हणजे जीर्णोद्धार. हे तिन्ही शब्द व्यवहारात सैलपणे वापरले जातात. मात्र देवळाच्या जीर्णोद्धारात जुने किती ठेवावे आणि नवे किती घालावे हा जो प्रश्न पडतो, तोच येथेही पडतो. किंबहुना या छंदातील बहुतेक वाद या एका प्रश्नातून निघालेले आहेत.

‘व्हिंटेज’ हा मूळचा मद्यव्यवसायातील शब्द. मोटारींच्या संदर्भात तो ब्रिटनमध्ये, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबमुळे रूढ झाला व तेथे तो १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरता राहिला. अमेरिकेत ‘अँटिक’ व ‘क्लासिक’ हे शब्द अधिक चालतात. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९३५) २५ वर्षांपूर्वीची कोणतीही गाडी आपल्या कक्षेत घेतो; क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका (१९५२) १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची गाड्यांनाच ‘पूर्ण क्लासिक’ मानतो. त्यामुळे लाखोंनी खपलेली फोर्ड मॉडेल टी पहिल्या संस्थेच्या दृष्टीने मान्य ठरते, दुसऱ्या संस्थेच्या यादीत मात्र ती नाही. मराठी वृत्तपत्रांत या सर्वांना सरसकट ‘व्हिंटेज कार’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फेब्रुवारी १९४२ पूर्वीच्या, म्हणजे महायुद्धामुळे अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबण्यापूर्वीच्या, गाड्यांचा विचार केला असून नंतरच्या गाड्यांची माहिती प्रसंगोपात्त दिली आहे.

घरच्या घरी जीर्णोद्धार करता येतो तो मुळात या गाड्या तशा बांधल्या होत्या म्हणून. मॉडेल टी (१९०८–२७) शेतकऱ्याच्या हाती जाणार, आणि जवळचा मिस्त्री कित्येक मैल दूर असणार, हे गृहीत धरून तिची रचना झाली. २.९ लिटरचे, सु. २० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन एका ओतीव ठोकळ्यात आणि त्यावर सुटे होणारे हेड. तेलाचा पंप नाही, पाण्याचा पंप नाही, इंधनाचाही पंप नाही. तेल गतिचक्राच्या (फ्लायव्हीलच्या) फिरण्याने उडते, पाणी तापून आपोआप वर चढते आणि पेट्रोल टाकीतून उताराने कार्ब्युरेटरमध्ये येते. टाकीत पेट्रोल थोडे असेल तर खड्या चढावर गाडी उलटी, मागच्या गेरात चढवावी लागे, ती यामुळेच. गेरपेटीतील तीन पट्टे झाकण उघडून साध्या पान्याने कसता येतात. एकूण दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि अनेक भाग नव्याने तयार केले जातात.

कालनिश्चिती : जीर्णोद्धारापूर्वी गाडी नेमकी कोणत्या वर्षाची हे ठरवावे लागते, कारण दिवे, मडगार्ड, रेडिएटरचे कवच, रंग हे सारे त्यावर अवलंबून असते. मॉडेल टीच्या बाबतीत हे काम वाटते त्याहून कठीण आहे. गाडीचा क्रमांक म्हणजे इंजिनाचा क्रमांक. तो ठोकळ्याच्या डाव्या बाजूस, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर कोरलेला असतो. चासीवर क्रमांक येऊ लागला तो अगदी शेवटच्या, १९२६-२७ च्या नमुन्यांवर. इंजिनाचा क्रमांक इंजिन जुळल्याच्या दिवशी पडे, परंतु ते इंजिन पुढे खोक्यात भरून दूरच्या जुळणी-कारखान्यात जाई आणि पूर्ण गाडी काही आठवड्यांनी बाहेर पडे. म्हणून क्रमांकावरून मिळणारी तारीख ही गाडीची नव्हे, इंजिनाची. गाडी त्यानंतरची, एवढेच खात्रीने म्हणता येते. त्यातच ठोकळा फुटल्यास विक्रेत्याकडून कोरा ठोकळा घेऊन त्यावर जुना क्रमांक ठोकण्याची पद्धत होती. अशा गाडीत क्रमांक एका सालचा आणि ओतकाम दुसऱ्या सालचे निघते. अनेक ठोकळ्यांवर ओतकामाची तारीख उठावात दिलेली असते व ती क्रमांकाशी ताडून पाहणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. याउलट केवळ बॉडीच्या ढंगावरून साल ठरवणे धोक्याचे. शंभर वर्षांत या गाड्यांच्या बॉड्या, दारे व टपे इतक्या वेळा अदलाबदल झाली आहेत की ढंग हा फार तर दुय्यम पुरावा मानावा.

रंगाचा प्रश्न : ‘गाडी काळी असेल तोवर गिऱ्हाइकाने हवा तो रंग घ्यावा’ या आशयाचे हेन्री फोर्ड यांचे वचन सर्वश्रुत आहे. फोर्ड यांच्या १९२२ मधील आत्मकथनात ते १९०९ सालचे म्हणून दिले आहे. परंतु १९०९ च्या मॉडेल टी लाल, करड्या व हिरव्या रंगांत मिळत होत्या, काळ्या नव्हे. पुढे गडद निळा आला. आणि केवळ काळ्या रंगाचा काळ सु. १९१४ पासून १९२५ पर्यंतचा. तेव्हा वचन खरे असले तरी त्याचे साल मागाहून दिलेले असावे. १९२५ च्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या १९२६ च्या नमुन्यांवर रंग परतले; बंद गाड्यांना प्रथम हिरवा व मरून मिळाला.

काळाच का, याविषयी दोन मते आहेत. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो व फिरत्या जुळणी-पट्ट्याच्या वेगाला तोच पुरा पडला, हे प्रचलित मत. दुसऱ्या मतानुसार काळा निवडला तो स्वस्त व टिकाऊ म्हणून. कारखान्यातील रंगकामाच्या नोंदींत तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग आढळतात : मडगार्डासारख्या सुट्या लोखंडी भागांसाठी भट्टीत भाजायचे, तर बॉडीसाठी पंख्याच्या आकाराच्या तोंडाने वरून सोडून सावकाश वाळवायचे. बॉडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असल्याने ती कडक भट्टीत घालता येत नसे. म्हणजे वेळ जिथे सर्वाधिक जाई, तिथे भट्टीचा फायदा नव्हताच. शिवाय काळ्या वार्निशातील डांबरी घटक गंजाला रोखत. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारखान्यातील वाळण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो द्यू पाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. जनरल मोटर्सने ते १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात वापरले. घरी काम करणाऱ्याने यातून घेण्याची गोष्ट अशी की आजच्या दोन घटकांच्या रंगाचा आरशासारखा तजेला मॉडेल टीवर कधीच नव्हता. तो चढवला की गाडी नवी दिसते, पण १९१७ सालची दिसत नाही.

कामाचा क्रम : गाडी खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेणे, नट-बोल्ट ज्याच्या त्याच्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवणे आणि चासी जॅकवर नव्हे तर भक्कम घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) ठेवणे या गोष्टी प्रथम येतात. जाम झालेले बोल्ट पिळून तोडण्याऐवजी आधी तापवून व तेल सोडून वाट पाहावी. आटे इंची असतात, मेट्रिक पाना बसवला की कोपरे गोल होतात.

गंज काढण्याची घरगुती रीत विद्युत् विच्छेदनाची आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालतात. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला व टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. काही अँपिअर प्रवाहावर एक-दोन दिवसांत गंज सुटतो व चांगले लोखंड झिजत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनियमचे भाग या द्रावणात विरघळतात. निघणारा वायू हायड्रोजन असल्याने काम उघड्यावर करावे. स्प्रिंगांसारख्या कठीण पोलादाला ही रीत मानवत नाही. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होते.

इंजिनातील खरी कसोटी बॅबिट धातूची. आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढलेल्या या मऊ मिश्रधातूत मुख्यतः कथिल, तांबे व अँटिमनी असते. मॉडेल टी आणि तिच्या मागून आलेली ४० अश्वशक्तीची मॉडेल ए (१९२७–३१) यांचे बेअरिंग सुटे कवच नसून जागच्या जागी ओतलेले असते. थोडी झीज असेल तर टोपणाखालच्या पितळी पातळ चकत्या (शिम) एकेक काढून ठोका थांबवता येतो व हे काम घरी होते. धातूला तडे गेले असतील तर तो वितळवून नव्याने ओतावा लागतो. यासाठी भाग आधी तापवून पूर्ण कोरडे करावे लागतात. पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेला धातू उसळून अंगावर येतो. हे काम जाणत्याकडे देणे बरे.

ज्वलनासाठी मॉडेल टीत गतिचक्रावर १६ चुंबक बसवलेला मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र) आणि लाकडी पेट्यांतील चार थरथरत्या कॉइल असतात. कॉइलमधील कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांनी निकामी झालेलाच असतो. पेटीतील डांबर खरवडून तो बदलावा लागतो व नंतर थरथरणारी पट्टी सु. १.३ अँपिअरवर जुळवतात. चारही कॉइल सारख्या जुळल्या नाहीत तर इंजिन चालते, पण अडखळते. हँडल मारताना ठिणगीचा दांडा मागे घेतलेला असावा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर इंजिनाच्या उलट्या झटक्याने मनगट मोडते.

पत्र्याच्या कामात जुने कारागीर पुट्टीऐवजी शिसे भरत. ३० टक्के कथिल व ७० टक्के शिसे यांचे मिश्रण तापवून लाकडी पट्टीने पसरवले जाते. ते टिकते, पण घासताना उडणारी धूळ विषारी असते. जुन्या ब्रेक-अस्तरांतील ॲस्बेस्टॉसबाबतही तीच खबरदारी हवी.

युद्धोत्तर गाड्या : यांतील विजेची जोडणी बहुधा ६ व्होल्टची व बरीचशी धन-भूमित (बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेली) असते, फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्ट व ऋण-भूमित जोडणी आणली. ६ व्होल्टला तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून सेल्फ नीट फिरत नसल्यास बॅटरीआधी केबलची जाडी तपासावी. १२ व्होल्टसाठीच्या बारीक केबल घालणे ही नेहमी होणारी चूक आहे. शिशाविना पेट्रोलने या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-बैठकी खचतात असे सांगितले जाते. टेट्राएथिल शिसे हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळून प्रथम १९२३ मध्ये विकले गेले. त्याआधीच्या गाड्या त्याच्याविना चालण्यासाठीच बनल्या होत्या, तेव्हा मॉडेल टीच्या मालकाने ही चिंता करण्याचे कारण नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील इंजिनांना धोका आहे तो दीर्घकाळ जास्त वेगाने व भाराने चालवल्यास. हेड खोललेच असेल तर कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्याव्यात. केवळ त्यासाठी चालते इंजिन खोलू नये.

परीक्षण व मूळपणा : पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे १९५५ पासून शरद ऋतूत भरणारा मेळा हा जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. अँटिक ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षणात गाडीला ४०० पैकी गुण देतात. गुणांच्या या पद्धतीने घरगुती कामाचा दर्जा निश्चित उंचावला. मात्र कारखान्यातून कधी निघाल्या नसतील इतक्या गुळगुळीत गाड्याही तिनेच निर्माण केल्या आणि मूळ रंग, मूळ गादी, कारखान्याच्या खडूच्या खुणा असा पुरावा कायमचा घासला गेला. अलीकडे न उघडलेल्या, मूळ अवस्थेतील गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवतात. गाडी एकदाच मूळ असते, ही या वर्गामागची भूमिका रास्त आहे.

क्यूबामध्ये १९६०–६२ च्या अमेरिकी निर्बंधांनंतर सुटे भाग बंद झाले आणि तेथील शेवरले, ब्यूइक, प्लिमथ गाड्या सोव्हिएट डिझेल इंजिनांवर व हाताने घडवलेल्या भागांवर चालत राहिल्या. तो जीर्णोद्धार नव्हे, दुरुस्तीच. पण कौशल्याच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

महाराष्ट्र : मुंबईत फोर्डने १९२६ मध्ये व जनरल मोटर्सने १९२८ मध्ये (शिवडी येथे) गाड्यांची जुळणी सुरू केली; भारतातच भाग बनवण्याची अट आल्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यास दोन्ही बंद पडल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (१९४४) कुर्ल्यात १९४७ पासून डॉज, डिसोटो व प्लिमथ गाड्या जुळवल्या. भारतातील फोर्डचा कारभार कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता, ही बाब येथील जीर्णोद्धारात महत्त्वाची ठरते. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या मॉडेल टी बहुधा कॅनडातून आल्या. त्यांच्या इंजिन-क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असते आणि त्यांना अमेरिकी क्रमांक-सारण्या लावल्या की साल चुकते. अमेरिकी टूरिंग (कापडी टपाच्या उघड्या) गाडीत पुढचे डावे दार बराच काळ नुसते पत्र्यात उठवलेले होते. कॅनडाच्या गाडीत ते उघडते. बॉडीत चौकोनी खाचेचे स्क्रू मिळाले तर तीही कॅनडाचीच खूण. अमेरिकेतून नवी बॉडी मागवण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत लोखंडाआधी बॉडीचा लाकडी सांगाडा जातो. तो सागवानात नव्याने केल्यास टिकतो, पण मूळ लाकूड वेगळे होते याची नोंद ठेवावी.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या बिगर-व्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. व मुदत १० वर्षे असून क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी आणता येते.