लॅक्स्टन

लॅक्स्टन : इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यातले एक लहान शेतकरी गाव. शेरवूडच्या जुन्या जंगलाच्या पूर्वेला, ऑलर्टन आणि टक्सफर्ड यांच्या दरम्यान, जड चिकणमातीच्या उंचसखल रानात ते वसले आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात खुल्या शेतांची पद्धत रूढ होती : गावाची शिवारे दोन-तीनच, त्यांना कुंपण नाही, आणि प्रत्येक शिवारात सगळ्यांचे लांबट पट्टे. अशा शेतांचे अवशेष डेव्हनमधील ब्रॉन्टनला किंवा लिंकनशरमधील ॲक्सहोमलाही दिसतात. पण सामाईक पीकफेर, तिचे नियम आणि ते मोडणाऱ्याला दंड करणारे गावचे न्यायालय, हे सगळे एकत्र चालू असलेले गाव म्हणजे लॅक्स्टन. इंग्लंडचा शेतीचा इतिहास शिकणाऱ्यांना म्हणूनच या गावाचे नाव पहिल्या काही दिवसांतच कानावर पडते.

गावाचे नाव नॉर्मन विजयाच्या, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याच्या, आधीचे, अँग्लो-सॅक्सन आहे. १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या पाहणीत, ते ‘लॅक्सिंटोन’ असे आढळते. त्यातला पहिला भाग ‘लेआक्सा’ या व्यक्तिनामाचा, मधला ‘इंग’ संबंध दाखवणारा आणि शेवटचा ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी, पुढे गाव. एकूण अर्थ, लेआक्साची किंवा लेआक्साच्या माणसांची वाडी. हा लेआक्सा कोण, याचा दुसरा कोणताही माग उरलेला नाही. त्याची आठवण आहे ती गावाच्या नावातच. आसपासच्या गावांची नावे वाचली की वस्तीचे थर कळतात. ऑलर्टन म्हणजे आल्डर झाडांची वाडी, हेही सॅक्सन. पण जवळचेच थोर्स्बी हे ‘बी’ने संपणारे नाव डेन लोकांचे, कारण नवव्या शतकापासून हा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. विजयापूर्वी लॅक्स्टनचा जो धनी डोम्सडेत नोंदला आहे, त्या टोकीचे नावही डॅनिश धाटणीचे. विजयानंतर गाव गेले जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे. सॅक्सन नावाचे गाव, डॅनिश नावाचा मालक आणि त्याच्या जागी आलेला नॉर्मन, असा तीन पिढ्यांचा नव्हे तर तीन समाजांचा इतिहास त्या एका नोंदीत सापडतो.

नावाचा पुढचा प्रवास गावाहून कितीतरी मोठा आहे. बोलण्यात मधला भाग गळून ‘लॅक्स्टन’ झाले; लांब रूप मात्र इथून निघालेल्या लेक्सिंटन घराण्याच्या नावात टिकले. तेराव्या शतकात या घराण्यातला रॉबर्ट राजाचा न्यायाधीश होता आणि त्याचा भाऊ हेन्री लिंकनचा बिशप झाला. वारसा पुढे सटन घराण्याकडे गेला आणि १६४५ मध्ये रॉबर्ट सटनला सरदारकी मिळाली, तेव्हा त्याने ‘लेक्सिंटन’ हीच पदवी घेतली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या एका वस्तीला १७१३ मध्ये लेक्सिंग्टन हे नाव मिळाले. ते या घराण्याच्या दुसऱ्या लॉर्डवरून दिले की थेट गावावरून, यावर दोन मते आहेत. दोन्ही वाटा शेवटी लॅक्स्टनलाच पोचतात. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या त्याच लेक्सिंग्टनला झडल्या. त्या लढाईची बातमी ऐकून केंटकीतल्या मुक्कामालाही तेच नाव दिले गेले, न्यू यॉर्कमधला एक मोठा रस्ता त्या नावाचा झाला आणि अमेरिकी आरमाराच्या जहाजांवरही ते कोरले गेले.

गावाच्या उत्तर टोकाला मातीचा उंच टेकाड आणि त्याभोवतीचे खंदक आहेत. नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे हे अवशेष परगण्यातले सर्वांत चांगले टिकलेले मानले जातात. शेरवूडच्या राजजंगलाची राखण वंशपरंपरेने ज्यांच्याकडे होती त्या डी कॉ घराण्याचे, आणि नंतर एव्हरिंगहॅम घराण्याचे हे ठाणे. एव्हरिंगहॅमांच्या समाध्या सेंट मायकल चर्चमध्ये आहेत. त्यांतली एका स्त्रीची आडवी प्रतिमा लाकडाची आहे, आणि मध्ययुगातली लाकडी समाधिप्रतिमा ही या परगण्यात दुर्मीळ गोष्ट.

लॅक्स्टनच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा कागद १६३५ चा आहे. तेव्हाचे मालक सर विल्यम कोर्टेन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने गावाची मोजणी करून नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकूण एक पट्टा दाखवलेला आहे, शिवाय नांगर धरलेली, कापणी करणारी चिमुकली माणसेही रंगवली आहेत. हा नकाशा हातात घेऊन गावात उतरले तर आजही रस्ता चुकत नाही. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची घरे, त्यांच्यामागे लांबट परसे, मोकाट गुरे डांबण्याचा कोंडवाडा, आणि गावाबाहेर वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड ही तीन शिवारे. शेतकरी शिवारात नव्हे, गावातच राहतो, कारण त्याची जमीन एका जागी नसतेच.

ही विखुरलेली जमीन परक्याला गैरसोयीची वाटते, पण तिच्यामागे हिशोब आहे. एका शिवारात पेरणी होते हिवाळी गव्हाची, दुसऱ्यात वसंतात पेरायच्या पिकाची, तिसरे पड राहते. दरवर्षी पाळी पुढे सरकते. एखाद्याचे सगळे पट्टे एकाच शिवारात असते तर दर तिसऱ्या वर्षी त्याच्या घरी दाणाही आला नसता. शिवाय चांगली आणि चिबड जमीन सगळ्यांच्या वाट्याला येते. पट्ट्यांचा लांबट, किंचित वाकडा आकार बैलांच्या नांगराने दिला. बैलांच्या लांबलचक जोडणीला टोकाशी वळायला जागा लागे, म्हणून नांगऱ्या आधीपासूनच वळण घेत येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच छोटे पट्टे एकत्र करून मोठे केले गेले, त्यामुळे पिअर्सच्या नकाशातली दाटी आता दिसत नाही. खुली शेती आज सुमारे ४८० एकरांवर आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षे संसदेच्या कायद्यांनी गावोगावची खुली शेते मोडली, कुंपणे घातली आणि सामाईक हक्क संपवले. लॅक्स्टनलाही काही जमीन कुंपणात गेली, पण काम पुरे झाले नाही. गावात दोन मोठे जमीनदार होते, मॅनव्हर्सचे अर्ल आणि स्कार्बरोचे अर्ल (अर्ल ही सरदारकीची पदवी), आणि लहान खातेदारही होते. सगळ्यांचे एकमत जुळले नाही. परंपरेवरच्या प्रेमामुळे ही पद्धत वाचली असे सांगणे गोड वाटते, पण खरे श्रेय या न झालेल्या वाटाघाटींना द्यावे लागेल. प्रेम आणि जपणूक हे नंतरचे, विसाव्या शतकातले.

ज्याच्यामुळे ती पुढेही चालत राहिली, ते म्हणजे कोर्ट लीट, जहागिरीचे जुने न्यायालय. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी ज्यूरीचे पंच ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात जातात. पट्टा कुठे संपतो ते मोजून खुंट ठोकतात, चर साफ आहेत का पाहतात. कोणाचा नांगर वहिवाटीच्या रस्त्यात किंवा सामाईक गवतात घुसला असेल तर ती तक्रार लिहून घेतली जाते. ज्याने आगळीक केली तो बहुधा त्याच ट्रॉलीत बसलेला असतो. आठवड्याने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये न्यायालय बसते. कारभारी अध्यक्ष असतो, पंच आपले निवाडे मांडतात, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाची ज्यूरी शपथ घेते. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाण्याचे वजन तिच्याहून जास्त. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार संपवले; शेतांचा कारभार पाहणाऱ्या लॅक्स्टनच्या न्यायालयाचे मात्र राखले.

नांगराखाली कधीच न आलेल्या सखल, ओलसर पट्ट्यांना इथे ‘साइक’ म्हणतात. त्यांवरच्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शतकानुशतके ही जमीन न उलथल्याने तिथे रानफुलांची अशी विविधता आहे की साइक आता निसर्गदृष्ट्या संरक्षित आहेत.

१९५२ मध्ये मॅनव्हर्सच्या सहाव्या अर्लने, ही शेते टिकावीत म्हणून, आपली मालकी कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच घराण्याच्या जहागिरीकडे आली. मालक बदलले तरी पट्टे कसणारी कुटुंबे कुळे म्हणून राहिली. खरी काळजी आहे ती त्यांच्या संख्येची. केवळ पट्ट्यांवर आजच्या काळात घर चालत नाही, म्हणून प्रत्येक कुळाला खुल्या शिवारातल्या वाट्यासोबत कुंपणातली जमीनही दिलेली असते. आणि ज्यूरी भरायची तर गावात पुरेसे कसणारे हात असावे लागतात.