प्रोस्टेट काढल्यानंतरचे महिने

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या साठी-सत्तरीच्या पुरुषांत आजारपण लपवायची पद्धत नाही. मोतीबिंदू काढला की गडी काळा चष्मा लावून चौथ्या दिवशी हजर होतो. बायपास झालेले तर शर्टाचं बटण सोडून छातीवरचा व्रण दाखवतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस मात्र महिनोन्महिने दिसत नाही. फोन केला तर घरचे म्हणतात, ‘तसे बरे आहेत, जरा अशक्तपणा आहे.’ अशक्तपणा फारसा नसतोच. खोकला आला, शिंक आली, बाकावरून उठलं की कपड्यात लघवी होते. ती चारचौघांत होईल या धास्तीने माणूस दांडिया बाजारातल्या आपल्या घरात बसून राहतो.

याचं फार वाईट वाटतं, कारण यातला बराचसा कोंडमारा आधी नीट न सांगितल्यामुळे होतो. या ऑपरेशननंतर शरीराला तीन वेगवेगळ्या गोष्टी भरून काढायच्या असतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. पोटावरची जखम काही आठवड्यांत भरते. लघवी रोखणारे स्नायू काही महिने घेतात. लिंगाला ताठरता देणाऱ्या नसांना वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. घरचे आणि रुग्ण दोघंही टाके वाळले म्हणजे सगळं बरं झालं असं धरून चालतात, आणि दुसऱ्या महिन्यात निराश होतात.

असं का होतं हे कळायला आतली रचना थोडी पाहावी लागेल. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नलिका तिच्या मधून जाते. कॅन्सर ग्रंथीपुरताच असेल तर सर्जन ती सबंध काढतात, मागचे वीर्यकोशही काढतात. मध्ये जी जागा रिकामी होते तिथे मूत्राशयाचं तोंड खाली ओढून नलिकेच्या उरलेल्या टोकाला शिवतात. लघवी रोखायला पुरुषाच्या शरीरात दोन झडपा असतात. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि आपल्याला न विचारता आपलं काम करते. खालची प्रोस्टेटच्या पुढे असते आणि ती आपल्या इच्छेने आवळता येते. ऑपरेशनमध्ये वरच्या झडपेचा बराच भाग जातो. आजवर जे काम दोघींनी केलं ते आता एकट्या खालच्या झडपेवर येऊन पडतं, आणि तिला त्याची सवय नसते.

ताठरतेच्या नसांची गोष्ट आणखी नाजूक आहे, आणि त्यांचा शोध लागण्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. प्रोस्टेट काढण्याचं पहिलं मोठं ऑपरेशन अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं या ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येक पुरुषाची ताठरता कायमची जात असे. नसा ग्रंथीच्या आतूनच जात असणार, मग ग्रंथीबरोबर त्या जाणारच, असं सगळे धरून चालले होते. १९८१ साली त्याच जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथले निवृत्त मूत्ररोगतज्ज्ञ पीटर डोंकर मृत जन्मलेल्या एका बाळाच्या शरीरात मूत्राशयाच्या नसा शोधत होते. प्रौढ माणसाच्या मृतदेहात चरबीत दबून गेलेल्या या नसा बाळाच्या शरीरात स्वच्छ दिसत होत्या. दोघांनी बसून ताठरतेच्या नसांचा माग काढला, तेव्हा त्या ग्रंथीच्या बाहेरून, तिच्या दोन्ही बाजूंनी जाताना दिसल्या. म्हणजे त्या वाचवता येण्यासारख्या होत्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी नसा जाणूनबुजून वाचवून पहिलं ऑपरेशन केलं, ५२ वर्षांच्या रुग्णावर. आज जगभर हे ऑपरेशन ज्या रीतीने होतं तिचं मूळ या कामात आहे.

नसा वाचवल्या तरी त्या लगेच काम करत नाहीत. ग्रंथीवरून त्या सोलून बाजूला घेताना ओढल्या जातात, दबतात, आणि मग कित्येक महिने निपचित पडून राहतात. कॅन्सर ग्रंथीच्या कडेपर्यंत आला असेल तर त्या बाजूची नस सर्जनना मुद्दाम काढावीच लागते. एक बाजू राखली की दोन्ही, हा प्रश्न ऑपरेशनआधी आणि ऑपरेशननंतर विचारावा. पुढची बरीच गणितं त्यावर अवलंबून असतात.

आता रोबोटचं. रोबोटच्या साहाय्याने प्रोस्टेट काढण्याची सुरुवात २००० साली जर्मनीत झाली, आणि डेट्रॉइटमध्ये मणी मेनन या भारतीय वंशाच्या सर्जननी ती पद्धत रुळवली. रक्त कमी जातं, छेद लहान असतात, माणूस लवकर घरी येतो, हे सगळं खरं आहे. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोटने आणि पोट उघडून अशा दोन्ही पद्धतींनी ऑपरेशन झालेल्यांची तुलना केली, तेव्हा दोन वर्षांनंतर लघवी आणि लैंगिक क्षमता या बाबतीत मोठा फरक दिसला नाही. हात कोणाचा आहे हे जास्त महत्त्वाचं. रोबोट परवडत नाही म्हणून ज्यांना रात्री झोप लागत नाही अशा कुटुंबांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आपल्याकडे बडोद्याहून तासाभराच्या अंतरावर नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून केवळ किडनी आणि मूत्रमार्गाचंच काम करतं आहे, त्यामुळे अनुभवी हातांसाठी या भागातल्या लोकांना मुंबईलाच गेलं पाहिजे असं नाही.

घरी येताना लघवीची नळी आणि पिशवी बरोबर येते. साधारण एक ते दोन आठवडे ती राहते. आतला नवा सांधा भरेपर्यंत लघवी त्या सांध्यावर ताण न देता बाहेर जावी, एवढ्यासाठी ती असते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, नळी मांडीला चिकटवून ठेवावी म्हणजे ओढ बसत नाही. लघवी फिकी गुलाबी दिसणं, नळीच्या कडेने थोडी झिरपणं, मध्येच ओटीपोटात कळ येऊन ‘आत्ता लागली’ असं वाटणं, वृषणाची पिशवी सुजून काळीनिळी पडणं, या गोष्टी घाबरवतात खऱ्या, पण त्या बहुतेकांना होतात आणि ओसरतात. पिशवीत लघवी येणं थांबलं, रक्ताच्या गाठी आल्या, ताप आला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर मात्र रात्र असो की दिवाळी, हॉस्पिटल गाठायचं. पोटरीत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका या ऑपरेशननंतर असतो, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. नळी चुकून निसटली तर जवळच्या दवाखान्यात कुणाकडूनही नवी घालून घेऊ नये. आतला सांधा कच्चा असतो, आंधळेपणाने घातलेली नळी तो फाडू शकते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना किंवा मूत्ररोगतज्ज्ञालाच दाखवावं.

नळी निघते त्या दिवशी बहुतेकांचा धीर सुटतो, कारण त्या दिवशी लघवी जवळजवळ धरतच नाही. यात काही बिघडलेलं नसतं. रात्री आडवं पडल्यावर गळती कमी असते, कारण झडपेवर भार कमी येतो. सकाळी बरं असतं, दुपारनंतर वाढतं आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त होतं, कारण दिवसभर एकटं राबून तो स्नायू थकतो. सुधारणेचा क्रमही ठरलेला असतो. आधी रात्र कोरडी जाते, मग बसलेलं असताना, मग चालताना, आणि सगळ्यात शेवटी उठताना-वाकताना, वजन उचलताना.

स्नायू आहे म्हणजे तो व्यायामाने तयार होतो. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या बायकांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. पुरुषांसाठीही तोच. चारचौघांत गॅस रोखून धरताना आपण जे आवळतो, ते आवळायचं. बरोबर जमलं तर लिंग किंचित आत खेचलं जातं आणि वृषण वर उचलल्यासारखे होतात. योगासनं करणाऱ्यांना मूलबंध माहीत असतो, त्यांना हे पटकन जमतं. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. पाच-सात सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आवेशाने दिवसभर आवळत बसलेल्यांचा स्नायू थकून गळती वाढते, असंही होतं. नळी असेपर्यंत हा व्यायाम करायचा नाही. लघवी करताना धार मध्येच तोडून सराव करण्याची सवयही लावू नये.

यातलं खरं कौशल्य वेळेवर आवळण्यात आहे. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. खुर्चीवरून उठण्याआधी आवळायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि म्हणूनच व्यायाम ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करावा असं मी पोटतिडकीने सांगेन. सगळं दुखत असताना नवा स्नायू शोधत बसण्यापेक्षा आधीच ओळख झालेली बरी. या विषयाचं शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे एकदा जाऊन आपण योग्य तोच स्नायू आवळतोय ना हे तपासून घेतलं तर महिन्यांची चुकीची मेहनत वाचते.

गळतीच्या भीतीने पुष्कळ जण पाणी तोडतात. त्याने नुकसानच होतं, कारण घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते आणि ते जास्त आकसतं. दीड-दोन लिटर पाणी दिवसभरात विभागून प्यावं, झोपण्याच्या दोन तास आधी थांबवावं. चहा-कॉफी कमी केलेली बरी. तिखट तर्रीच्या शेवउसळीने काहींना त्रास वाढतो, त्यांनी काही महिने कळ काढावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथल्याने नव्या सांध्यावर ताण येतो. रात्री इसबगोल घेतलं तर बरं पडतं. चार ते सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर, नातवंडं, काहीही उचलायचं नाही. ॲक्टिव्हा आणि सायकलही तेवढे दिवस लांब ठेवायची, कारण बैठकीचा दाब नेमका शिवलेल्या जागेखाली पडतो. पुण्या-मुंबईच्या लग्नाला जायचं झालं तर डब्यात दाराजवळची जागा घ्यावी, बॅगेत पॅड आणि एक जादा पॅंट ठेवावी, आणि जावं.

किती जण पूर्ण कोरडे होतात? बहुतेकांची गळती पहिल्या वर्षभरात खूप कमी होते किंवा थांबते, पण सगळ्यांची नाही, आणि हे लपवून ठेवणं मला योग्य वाटत नाही. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, किरणोपचार किंवा नुसती देखरेख यांपैकी एक उपाय चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमून दिला होता. ऑपरेशन गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. वर्षभर मेहनत करूनही गळती राहिली तर जाळीची पट्टी बसवून नलिकेला आधार देता येतो. गळती फार असेल तर कृत्रिम झडप बसवतात, जी वृषणाच्या पिशवीत ठेवलेलं छोटं बटण दाबून उघडता येते. ‘आता हे असंच’ म्हणून डायपरवर आयुष्य काढण्याआधी हे विचारायला हवं.

ताठरतेबद्दल त्याच अभ्यासातले आकडे अधिक कडू आहेत. ऑपरेशनआधी संभोगाला पुरेशी ताठरता ६७ टक्के पुरुषांना होती, ऑपरेशन गटात सहा महिन्यांनी ती १२ टक्क्यांना उरली, सहा वर्षांनी १७ टक्क्यांना होती. वय कमी असेल, आधी ताठरता चांगली असेल आणि दोन्ही बाजूंच्या नसा राखल्या असतील, तर आशा यापेक्षा बरीच जास्त असते. गोळ्या, व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट, असे उपाय टप्प्याटप्प्याने आहेत. सिल्डेनाफिलसारखी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये. हृदयरोगासाठी सॉर्बिट्रेट किंवा तसलं नायट्रेटचं औषध चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतण्याइतका घसरतो.

ताठरता गेली तरी स्पर्शाची आणि परमसुखाची संवेदना जात नाही, तिच्या नसा वेगळ्या आहेत. वीर्य मात्र बाहेर येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. पुढे मूल हवं असेल अशा तरुण रुग्णाने आधीच शुक्राणू साठवून ठेवावेत. या गोष्टी डॉक्टरांनी पत्नीला समोर बसवून सांगायला हव्यात. आपल्या घरांत तसं होत नाही. काकू बाहेरच्या बाकावर बसतात आणि काका आत एकटे ऐकतात, अर्धं विसरतात, आणि घरी येऊन उशी उचलून दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. काकूंना वाटतं आपलंच काही चुकलं. बाहेरच्या बाकावरून उठून आत जाण्याचा हक्क त्यांना आहे, त्यांनी तो मागावा.

मन खचतं, चिडचिड होते, झोप उडते. गळती आणि ताठरता यांच्याइतकाच हाही ऑपरेशननंतरचा परिणाम आहे, आणि दोन-तीन आठवडे हटला नाही तर त्यासाठीही डॉक्टरांकडे जायचं असतं.

या सगळ्यात मूळ आजाराकडे लक्ष ठेवणारी रक्ताची तपासणी म्हणजे पीएसए, प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची. ग्रंथी गेल्यावर रक्तातलं पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मं होत जातं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी तपासल्यावर ते ०.१ च्या खाली, म्हणजे जवळजवळ शून्य मिळायला हवं. पुढे ठरावीक अंतराने ते तपासत राहायचं. ते वाढून ०.२ किंवा त्याहून वर गेलं आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच आलं, तर कॅन्सरच्या पेशी कुठेतरी उरल्या आहेत असं धरतात आणि ग्रंथीच्या जागी किरणोपचार देण्याचा विचार होतो. तो पीएसए कमी असतानाच दिला तर जास्त लागू पडतो. पण किरणांनी तो नवा सांधा आणि झडप आखडते, एव्हाना जेवढा ताबा आला असेल त्याच्या पुढची सुधारणा मंदावते. म्हणून शक्य असेल तेव्हा लघवीवर ताबा येईपर्यंत डॉक्टर थोडं थांबतात, आणि त्या भेटीत पहिला प्रश्न विचारतात, ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ त्याचं उत्तर खरं द्यावं. दोन-तीन दिवस पॅडची नोंद लिहून नेली तर आणखी चांगलं.