आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्री : अर्ज, पात्रता आणि कोकणातली मुलं जिथे अडकतात त्या जागा

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, पहाटे धावून दम कमावलेली पोरं दरवर्षी कागदापायी घरी बसतात. हे बघवत नाही, म्हणून लिहितोय.

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवर नव्हे, तर माळरानावरून धावायची लांब शर्यत. तिच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत स्वतःहून नाव घालता येत नाही. भारतीय विश्वविद्यालय संघाकडे प्रवेशिका विद्यापीठच पाठवतं. आधी कॉलेजच्या जिमखान्यात नाव द्यायचं, मग आंतरमहाविद्यालयीन शर्यत, तिथून निवड.

आपलं विद्यापीठ कुठलं, इथेच पहिला घोळ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मुलं दापोलीकडून धावतात, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली लोणेऱ्याकडून, आणि नर्सिंग-होमिओपॅथीवाली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.

वयाची अट नीट वाचा. त्या शैक्षणिक वर्षाच्या 1 जुलैला वय 17 च्या वर आणि 25 च्या आत हवं. ऑगस्टमध्ये पंचविशी पूर्ण होणारा मुलगा हिवाळ्यातल्या शर्यतीला चालतो, कारण मोजायची तारीख 1 जुलै, शर्यतीची नव्हे. "सर, माझं वय गेलं" म्हणत सराव सोडून दिलेला एक मुलगा मी पाहिलाय. त्याचं वय गेलेलं नव्हतं. त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

प्रवेश पूर्णवेळ आणि पक्का हवा. मुक्त विद्यापीठातून शिकणारे किंवा पूर्णवेळ नोकरी करणारे पात्र नाहीत. प्रवेश तात्पुरता असेल तर तो आधी कायम करून घ्या.

कागद मागतात ते ठरलेले: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मागच्या वर्षाचा निकाल, ओळखपत्र, आधार, फीची पावती, प्राचार्यांच्या सहीचा पात्रता फॉर्म. यात खरी गोची फीच्या पावतीची. फ्रीशिपवाल्या, म्हणजे फी माफ असलेल्या, मुलांकडे पावतीच नसते, आणि पावती नाही म्हणजे प्रवेश नाही असं खिडकीवरचा माणूस धरून चालतो. गरीब घरातल्या मुलाला याच कारणावरून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. पण भांडत बसण्यात दिवस जातात. कॉलेजच्या लेटरहेडवर "प्रवेश कायम, शुल्क सवलतीत" असं शिक्क्यासह लिहून घ्या.

दुसरी गोची नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढं बहुधा खपतं. पण स्पेलिंगचं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी आत्ताच दुरुस्तीला टाका. गेल्या पावसाळ्यात एका मुलीचं आधार हातात घेऊन आम्ही दोघं तासभर त्या एका अक्षराकडे बघत बसलो होतो. तिचे पाय शर्यतीला तयार होते, कार्ड नव्हतं.

आणि शेवटची तारीख. ती कागद विद्यापीठात पोचण्याची असते, तुम्ही सही घेण्याची नव्हे. गणपतीत कॉलेज बंद, प्राचार्य गावी, आणि सावंतवाडीहून मुंबईला पाकीट एका रात्रीत जात नाही. चतुर्थीच्या आधीच सह्या घ्या.

क्रॉस कंट्रीत संघाचा निकाल धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करून लागतो, कमी बेरीज तो संघ वरचा. एकाचा फॉर्म परत आला की बाकीच्यांच्या धावण्यालाही फटका बसतो. म्हणून फॉर्मवरच्या फोटोचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर पडलाय ना, हे खिडकी सोडण्याआधी तिथेच उभं राहून बघा.