लडाखच्या थंडीत जीपचा हीटर का कमी पडतो?

हिवाळ्यात द्रासमध्ये पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो आणि जुन्या डिझेल जीपमध्ये हीटर पूर्ण सोडूनही पाय गारठतात. अशा वेळी बहुतेक जण जादा क्षमतेचा हीटर बसवायला निघतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. इंजिनात तयार होणारी उष्णता केबिनपर्यंत पोहोचण्याआधी कुठे हरवते, ते आधी शोधायला हवे.

गाडीचा नेहमीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर राहावे म्हणून थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असेपर्यंत तो मोठ्या रेडिएटरची, म्हणजे जादा उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या जाळीची, वाट बंद ठेवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही गॅरेजांत हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, आणि तीच गाडी लडाखला नेली की उष्णता केबिनऐवजी बाहेरच्या वाऱ्यावर जाते. डिझेल इंजिन आयडलिंगला मुळातच फार थोडी उष्णता देते. खर्दुंग ला ही खिंड उतरताना तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, इंधन जेमतेम जळते आणि नेमका तेव्हाच हीटर गार पडतो. थर्मोस्टॅट शाबूत असेल, तर तो बंद होऊन उरलेली ऊब राखतो.

याची तपासणी हाताने होते, फक्त पंखा आणि पट्ट्यापासून जपावे. गार इंजिन सुरू केल्यावर मोठ्या रेडिएटरचा वरचा होज पाईप पहिली काही मिनिटे गारच राहायला हवा. तो इंजिनाबरोबरच कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही पाईप चाचपावेत. हीटरचा कॉक उघडा असूनही एक पाईप चटका देणारा आणि दुसरा गार लागला, तर कोअर बहुधा गाळाने तुंबला आहे. तो उलट दिशेने, पण कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण जोराच्या धारेने जुन्या कोअरचे सांधे सुटू शकतात.

धुतल्यावर नळाचे पाणी भरून गाडी वर नेऊ नये. कूलंट गोठू न देणारे इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, त्यामुळे ‘जितके जास्त तितके चांगले’ हा हिशेब इथे चालत नाही.

यानंतर फटी पाहाव्यात. ताशी १५० घनमीटर बाहेरची हवा उणे २० वरून २० अंशांपर्यंत तापवायला लेहच्या उंचीवर सुमारे दीड किलोवॉट उष्णता लागते. दारांची रबरे, पेडलखालची आणि गिअर लिव्हरभोवतीची छिद्रे बंद केली, तर यातला मोठा भाग वाचतो. हवा आतल्या आत फिरवली तरी वाचतो, पण मग श्वासातली वाफ काचेवर धरते, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घ्यावीच लागते.

एवढे करूनही भागले नाही, तरच डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर बसवावा. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. म्हणून उंचीनुसार इंधन कमी करणारी सोय त्या हीटरमध्ये असायलाच हवी, नाहीतर अपुऱ्या ज्वलनाने त्यात काजळी धरते. त्याचा धूर नेणारा पाईप गाडीच्या कडेपर्यंत न्यावा आणि बर्फात गाडी उभी करताना तो मोकळा आहे याची दर वेळी खात्री करावी, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.